गंगेच्या काठाकाठाने: त्र्यंबक ते बासर

मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले तेव्हापासून त्यांचं एकच टुमणं होतं, की एकदा गोदावरी, म्हणजे आपली गंगा, वरपासून खालपर्यंत गाडीने बघायची. सगळी नाही, १४६५ किलोमीटर कोण बघतंय, पण निदान आपल्या राज्यातली तरी. दिवाळी झाली, पाहुणे पांगले, मामींनी "जा एकदाचे" म्हणून परवानगी दिली आणि आम्ही निघालो. मी ड्रायव्हर, मामा गाईड. रोज रात्री लॉजवर मोबाईलमध्ये जे टाइप केलं तेच थोडं नीट करून इथे टाकतोय, त्यामुळे कुठे लांबण लागली असेल तर चालवून घ्या.

मंगळवार, त्र्यंबक

सकाळी लवकर ब्रह्मगिरी चढायला घेतला. पायऱ्या आहेत पण चढ चांगलाच अंगावर येतो, आणि माकडं इतकी निर्ढावलेली की हातात पाण्याची बाटली दिसली तरी ओढतात, खाऊचं तर विचारूच नका. मामा साठीच्या पुढचे, पण त्यांनी काठी माकडांसाठीच घेतली होती, चढायला नाही, असं त्यांनी मला चारदा सांगितलं.

वर गेल्यावर एक छोटं देऊळ आणि कुंड, तेच मूळ गंगा. एवढ्याशा पाण्याची पुढे ती राजमहेंद्रीजवळची समुद्रासारखी नदी होते हे बघूनही पटत नाही. पलीकडे जटाशंकर, शंकराने जटा आपटल्या ती जागा म्हणून दाखवतात. पण मला खरी मजा वाटली ती कड्यावर उभं राहून. डोंगर तेराशे मीटरच्या आसपास उंच, इथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर. म्हणजे कुठल्याही शहाण्या नदीने पश्चिमेला उडी मारली असती. वैतरणा मारतेच, ती याच डोंगररांगेतून निघून पश्चिमेला जाते आणि तिचं पाणी मुंबईकर पितात. गोदावरी मात्र पाठ फिरवते आणि पार बंगालच्या उपसागराकडे चालू लागते, कारण अख्खं दख्खनचं पठारच पूर्वेकडे कललेलं आहे. मामा म्हणाले, "एका छपराच्या दोन पाखा आहेत बघ, इकडे पडलेला थेंब मुंबईचा, तिकडे पडलेला नांदेडचा." एवढं शाळेत कुणी सांगितलं असतं तर भूगोलात मार्क पडले असते.

उतरताना गंगाद्वार केलं. खाली गावात कुशावर्त. गौतम ऋषींच्या हातून दर्भाची काडी लागून गाय मेली, त्या गोहत्येच्या पापातून सुटायला त्यांनी शंकराकडून गंगा मागून घेतली, ती आली पण थांबेना, इथे दिसे तिथे गुप्त होई, मग त्यांनी कुश गवताने तिला आवर्तन घालून अडवलं ते हे कुंड. मामांचा लगेच शेरा, "म्हणजे नदीवरचा पहिला बंधारा गौतमांचा. आमचं खातं त्यांच्यानंतरचं." शेजारी एक काका संकल्प सोडत होते ते पण हसले.

कुंडातून पुढे नदी गावातून जाते तेव्हा बराच भाग स्लॅबखाली आहे, वरून माणसं चालतात, खालून गंगा. जिच्यासाठी देशभरातून लोक येतात तिच्याच डोक्यावर स्लॅब, यावर मी आणखी काही लिहीत नाही, बीपी वाढतं. त्र्यंबकेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधायला घेतलेलं, ते सुंदरच आहे, रांग मोठी होती. निवृत्तीनाथांच्या समाधीजवळ मात्र शांत होतं. पौष वद्य एकादशीला इथे दिंड्या येतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

बुधवार, नाशिक

मुद्दाम बुधवार साधला कारण आज गंगेवर बाजार असतो. नाशकात कोणी "गोदावरीवर जातो" म्हणत नाही, गंगेवर जातो म्हणतात, आणि हा बाजार शब्दशः नदीच्या अंगणात भरतो. एका बाजूला मेथीच्या जुड्या, लसणाचे ढीग, सुके बोंबील, विळे, कोयते, चाळण्या, आणि दहा पावलांवर रामकुंडात कोणीतरी वडिलांच्या अस्थी सोडतंय. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचं काही वाटत नाही. मला हे फार आवडलं, नदीकाठ म्हटलं की असंच पाहिजे, नुसती देवळं आणि सेल्फी पॉइंट नको.

घाटावर दुतोंड्या मारुती आहे. नाशिककरांचं पूर मोजायचं माप तेच. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, अशी भाषा. गंगापूर धरणातून एवढे क्युसेक सोडले असं टीव्हीवर सांगतात तेव्हा अर्ध्या गावाला काही कळत नाही, मारुतीच्या कमरेला लागलं म्हटलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. १९६९ चा पूर म्हातारी माणसं अजून सांगतात, २००८ चा आमच्या वयाच्या लोकांना आठवतो. समोर नारोशंकराचं देऊळ, त्याची ती प्रसिद्ध घंटा वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आणलेली.

मामांना त्यांच्या उपाध्यांकडे जायचं होतं. जुन्या वाड्यात, लाकडी जिना चढून गेलो तर गुरुजींनी गाव आणि आडनाव एवढंच विचारलं, आत गेले आणि लांबट चोपडी घेऊन आले, लाल कापडात बांधलेली. दहा मिनिटं पानं उलटली. मग एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा." मामांच्या आजोबांचा हात, मोडीत, सोबत भावांची, मुलांची नावं, कशासाठी आले ते. शाई तपकिरी झालेली, कडेला वाळवीने नक्षी काढलेली. मामांना मोडी थोडी येते, ते अक्षर अक्षर लावत बसले, आणि मग त्याखाली स्वतः सही केली, माझं पण नाव लिहायला लावलं. गुरुजींनी दक्षिणेचा आकडा सांगितला नाही, मामांनी मात्र नेहमीपेक्षा सैल हाताने दिली हे मी बघितलं.

पाण्याबद्दल एक सांगतो. रामकुंडात ठीक आहे, पण जरा खाली गेलं की पाणवेली आणि वास. तीर्थ म्हणून बाटली भरून घेणाऱ्या बाई मात्र बाटली भरण्याआधी पाणवेल हाताने बाजूला करत होत्या, अगदी सवयीने.

गुरुवार, नांदूर मध्यमेश्वर आणि पुणतांबा

पहाटे निघून उजाडता उजाडता चापडगावला. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, शंभर वर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ पसरलं, त्यात गवत आणि बेटं झाली आणि पक्ष्यांनी ताबा घेतला. २०२० साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं, महाराष्ट्रातली पहिली जागा. म्हणजे मामांच्या भाषेत जो "गाळाचा प्रॉब्लेम" तोच पक्ष्यांचा संसार. ते जरा गप्प झाले हे ऐकून, मग म्हणाले "तरी साठवण कमी झालीच ना". झालीच.

मनोऱ्यावरून दुर्बिणीतून बघितलं तर जांभळ्या पाणकोंबड्या शेकड्यांनी, लाल चोच, लांब लांब बोटं पानावर पसरत चालतात. चित्रबलाक होते, चमचे होते, चक्रवाकांची जोडी होती. आणि वारकरी नावाचे पाणपक्षी तर इतके की मोजणं सोडून दिलं, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. गाईड पोरगा गावातलाच, दुर्बीण न लावता नावं सांगत होता.

या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा असे गोदावरी कालवे निघतात, पुढे कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर हा सगळा उसाचा पट्टा त्यांच्यावर उभा राहिला. गाडीतून दोन्ही बाजूला ऊस, ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, त्यात वाजणारी गाणी. तोडणी सुरू झालेली.

दुपारी पुणतांबा. इथे चांगदेवांची समाधी, अगदी नदीकाठी. चौदाशे वर्षं जगलेल्या योग्याने वाघावर बसून यावं आणि ज्ञानेश्वरांनी भिंत चालवावी ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गावकरी तीही सांगतात, पण त्याच दमात २०१७ च्या १ जूनचा शेतकरी संप इथून सुरू झाला हे जास्त छाती काढून सांगतात. चहाच्या टपरीवर एका आजोबांनी पहिलं वाक्य टाकलं, "गंगामाईची कृपा आहे," आणि पुढचंच, "पण या वेळी कालव्याचं आवर्तन कधी सोडणार काही कळंना." पुढे सगळ्या प्रवासात हेच ऐकलं. नदी देवही आहे आणि हिशोबही, आणि दोन्ही एकाच तोंडातून एकाच श्वासात येतात, त्यात कुणाला काही विसंगत वाटत नाही.

शुक्रवार, नेवासा, टोका, पैठण

नेवासा खरं तर प्रवरेवर, पण वाट वाकडी केली. पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली, साल १२९०. खांब साधा दगडी, त्यावर शिलालेख, भोवती मंदिर मागाहून झालेलं. बायका खांबाला मिठी मारत होत्या.

मग टोका, प्रवरा आणि गोदावरीचा संगम. सिद्धेश्वराच्या देवळावरचं कोरीव काम बघत तासभर सहज जातो, आणि घाट उतरून गेलं की समोर प्रचंड पाणी. इथपर्यंत जायकवाडीचा फुगवटा येतो, म्हणजे आपण बघतो ती नदी नसून धरणाची शेपटी असते. नगरहून संभाजीनगरला जाताना त्या पुलावर एसटीतून लोक नाणी टाकतात, आम्ही पण टाकली.

पैठणला पोचेपर्यंत संध्याकाळ. वाटेत मामांनी मला पाणीवाटपाचा क्लास घेतला, तो थोडक्यात देतो कारण त्याशिवाय मराठवाड्यातली गोदावरी समजत नाही. वर नाशिक-नगरला धरणं भरपूर, पाऊस घाटमाथ्यावर पडतो, खाली जायकवाडीचं पाणलोट रखरखीत. मग खालच्यांच्या वाट्याला काय? २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटप आलं, पुढे मेंढेगिरी समितीने सूत्र दिलं, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरून सोडायचं. तेव्हापासून कमी पावसाच्या वर्षी ऑक्टोबर आला की वर मोर्चे, खाली मोर्चे, कोर्टात तारखा. "मग बरोबर कोण?" मी विचारलं. मामा म्हणाले, "मी नोकरी वरच्या धरणावर केली आणि मामी तुझी मराठवाड्याची. मला हे विचारू नको."

शनिवार, पैठण

पूर्ण दिवस इथेच, आणि कमीच पडला. हे सातवाहनांचं प्रतिष्ठान, दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल भडोच बंदरातून रोमपर्यंत जायचा. त्यातलं आज फार काही डोळ्याला दिसत नाही, पण गल्ल्यांची चढउतार बघितली की खाली काहीतरी गाडलेलं आहे हे कळतं.

संत एकनाथांच्या वाड्यात तो रांजण आहे, श्रीखंड्याच्या रूपात देव कावडीने पाणी भरायचा तो. नाथषष्ठीला तो रांजण भरतात, फाल्गुन वद्य षष्ठीला इथे लाखो वारकरी येतात. काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड नाथांनी तहानेल्या गाढवाला पाजली, ती कथा प्रत्येकाला पाठ आहे. पैठणच्या वाळवंटातच, महार समाजाच्या पोराला उन्हात चटके बसत होते म्हणून त्याला कडेवर घेतलं तीही. नागघाटावर रेड्याची मूर्ती, ज्याच्या तोंडून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले. आणि नाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला तोही याच गंगेत. एवढ्या सगळ्या गोष्टी एका काठावर, आणि काठाला आज पाणी किती हे वरच्या धरणाच्या दारांवर ठरतं.

तर धरण, म्हणजे जायकवाडी. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन. सत्तावीस दारं, लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, एकूण साठा १०२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. जायकवाडी हे नाव बीड जिल्ह्यातल्या गावाचं, धरण आधी तिकडे ठरलं होतं, जागा बदलली पण नाव तेच राहिलं. मराठवाड्यात लहान पोराला पण १५२२ फूट हा आकडा माहीत असतो, पूर्ण भरल्याची पातळी. बाहेरून बघताना उंच वाटत नाही कारण नाथसागर, म्हणजे धरणाचा जलाशय, पसरट आणि उथळ आहे, साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेला, त्यामुळे उन्हाळ्यात केवढं तरी पाणी नुसतं वाफ होऊन जातं. मामांना विचारलं की असं पसरट का बांधलं, तर म्हणाले, "पैठणला दरी कुठून आणू?" खरं आहे, सपाट मुलखात धरण बांधलं की ते ताटच होणार. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. संभाजीनगरला नळाला पाणी येतं तेही इथूनच, ज्या दिवशी येतं त्या दिवशी.

दुपारी पैठणी विणताना बघितली. ताई मागावर बसल्या होत्या, पदरावर मोर चालू. रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या, प्रत्येक रंगाची वेगळी, एका ओळीत हाताने एक एक गुंतवत जायचं, मग फणी ठोकायची, मग पुढची ओळ. मी वीसेक मिनिटं उभा होतो, तेवढ्यात मोराची मान बोटाच्या पेराएवढीही पुढे सरकली नाही. मान वर न करता त्या म्हणाल्या, "घ्यायची नसेल तर बसून तरी बघा, पाय दुखतील."

रविवार, राक्षसभुवन ते नांदेड

लांबचा टप्पा. पहिला थांबा राक्षसभुवन, गेवराई तालुक्यात. लोक शनीला येतात, आम्ही लढाईसाठी आलो होतो. १० ऑगस्ट १७६३, नदीला पूर. निजाम अर्धी फौज घेऊन उत्तर तीरावर गेलेला, दिवाण विठ्ठल सुंदर बाकीची घेऊन दक्षिण तीरावर अडकला, आणि नेमकं तेव्हाच मराठे येऊन धडकले. विठ्ठल सुंदर पडला. पलीकडून निजाम बघत राहिला, पूर ओलांडून मदतीला येता येईना. माधवराव पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे. काठावर उभं राहिलं की ही लढाई नकाशाशिवाय कळते, एवढं पात्र आणि ऑगस्टचं पाणी, कोण उतरणार.

पुढे मात्र मन खट्टू होत गेलं. पैठणच्या खाली एकामागून एक बंधारे, आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुद्गल, डिग्रस, म्हणजे नदी म्हणजे तळ्यांची माळ, आणि मध्ये जिथे वाळू उरलीय तिथे वाळूच्या हायवा ट्रकांच्या चाकोऱ्या. एका ठिकाणी पात्रात एवढे खोल खड्डे की आत उभा माणूस दिसणार नाही. फोटो काढायला मी खाली उतरलो तर मामा ओरडले, "गाडीत बस, इथे फोटो काढत नसतात." बसलो.

गंगाखेडला संत जनाबाईंचं जन्मगाव म्हणून थांबलो. देऊळ नदीकडे तोंड करून, दुपारी दोन बायका जात्यावरच्या ओव्या म्हणत बसल्या होत्या, जातं नव्हतं, नुसत्याच. तिथून पुढे पूर्णा येऊन मिळते आणि पात्राला पुन्हा जरा नदीपण येतं.

अंधार पडता पडता नांदेड. सचखंड हुजूर साहिबला गेलो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथे देह ठेवला, आजचं गुरुद्वार महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते ३७ मध्ये बांधलं. लंगरला बसलो, शेजारी अमृतसरचं कुटुंब, त्यांना गोदावरी बघायची केवढी हौस, आमच्याकडे नर्मदेची असते तशी. तिथल्या सेवेकऱ्यांनी सांगितलं की रोज रात्री दोनच्या सुमाराला गागरिया सिंग गोदावरीतून घागर भरून आणतात आणि त्या पाण्याने तख्त धुतात. ऊन, पाऊस, पूर, काही असो, घागर रोज. आम्ही काही दोनला उठलो नाही, मामांचे गुडघे सहकार्य करेनात.

सोमवार, बाभळी आणि बासर

धर्माबादच्या बाजूला बाभळी बंधारा. यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र अशी मोठी भांडणं झाली, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवायची, पावसाळ्याचं पाणी खाली जाऊ द्यायचं, मग बंद, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी परत तेलंगणाला सोडायचं. बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी. पावसाळ्यात दारं उघडी म्हणजे भरणार काय, हे तिथल्या शेतकऱ्याचं म्हणणं, आणि नाशिकबद्दल मराठवाडा जे बोलतो ते इथे तेलंगणावाले आपल्याबद्दल बोलतात. मामा मिश्किलपणे म्हणाले, "प्रत्येकाला आपल्या वरचा चोर आणि आपल्या खालचा हावरट वाटतो." आम्ही गेलो तेव्हा दारं पडलेली होती, मागे पाणी तुंबलेलं, पुढे खडक उघडे.

कंदकुर्तीला मांजरा येऊन मिळते, तो संगम रस्त्यावरून ओझरता बघितला. बासरला सरस्वतीचं देऊळ, इथे मुलांचा अक्षरअभ्यास करतात, पोराला मांडीवर घेऊन पाटीवर पहिलं अक्षर. रांगेत तेलुगू आणि मराठी निम्मे निम्मे. पुढच्या बाईंचं पोर पाटी चाटत होतं आणि त्या आजीला मराठीत आणि भटजींना तेलुगूत समजावत होत्या, एकाच वाक्यात दोन भाषा.

खरी मोठी नदी इथून पुढे होते. प्राणहिता येते, म्हणजे विदर्भाची वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली, मग बस्तरमधून इंद्रावती, आणि पाण्याचा मोठा वाटा या दोघींचाच. मग भद्राचलम, पापीकोंडा, आणि राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम, जिथे आर्थर कॉटनने १८५२ मध्ये बंधारा पुरा केला आणि खालचा दुष्काळी मुलूख भाताचं कोठार झाला. ते या वेळी नाही जमलं.

आता मामांचं नवीन टुमणं सुरू आहे. गुरू सिंह राशीत गेला की नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आणि राजमहेंद्रीला पुष्करमचा मेळा, दोन्ही एकाच योगावर, मागे २०१५ ला झाले तसे २०२७ ला परत. मामा म्हणतात त्या गर्दीच्या आधीच खालचा टप्पा उरकू, मी म्हणतो गर्दीतच जाऊ. मामींनी अजून मत दिलेलं नाही. कोणी पापीकोंड्याची बोट केली असेल तर कुठल्या महिन्यात जावं ते सांगा, पावसाळ्यात बंद असते एवढं माहीत आहे.